निळ्या मुठीची सुरी

सुरी मांसातून पार खालपर्यंत गेली, एक चकती कागदावर पडली, दुसरी पडली, आणि तिसऱ्या चकतीला मला मूठ दिसली. मूठ निळी होती. माझा हात तिथंच थांबला. शुक्रवारचं दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायला बघत होतं आणि ती गाडी खोकून खोकून बंद पडत होती. कुणी रस्त्यात ती सुरी माझ्या हातात कोंबून पळून गेलं असावं, तसा मी तिच्याकडे बघत राहिलो. निळी म्हणजे दुधाची. लोण्याची, चीजची, मलईची. मांसाची ती लाल. आम्हा ज्यूंना दूध आणि मांस एकत्र चालत नाही, शेंबड्या पोरालाही एवढं कळतं. माझ्या बायकोनं, मिंडलनं, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या मुठी स्वतः रंगवल्या होत्या, आणि रंग उडायला लागला की वर्तमानपत्र पसरून ती पुन्हा रंगवत बसायची. आत्ता जो निळा रंग माझ्या अंगठ्याखाली होता तो तिचा शेवटचा हात. मागच्या हिवाळ्यात ती गेली. ती असताना आणि तिच्यानंतरही या घरात दूध आणि मांस एकमेकांच्या वाऱ्याला उभं राहिलं नव्हतं, आणि मी, झेलिग, ज्यानं जन्मभर मांस कापण्यापलीकडे दुसरं काही केलं नाही, त्यानं दुधाच्या सुरीनं मांस कापलं होतं.

दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. ती डेलीत, तयार मांस कापून विकणाऱ्या दुकानात, काम केलेल्या माणसाच्याच हातून व्हायची. कालमनच्या दुकानात मी काउंटरमागे उभं आयुष्य काढलं. कोशर दुकान, म्हणजे खाण्याचे धर्माचे नियम पाळणारं, आणि फक्त मांसाचं, तिथं दुधाचा थेंब दारातून आत येत नव्हता. कुणी नवखं गिऱ्हाईक कॉफीत घालायला दूध मागायला लागलं, की आमचा वेटर गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "गाय आज रजेवर आहे." म्हणजे दुकानात जितक्या सुऱ्या तितक्या सगळ्या मांसाच्या. हाताला लागेल ती उचलायची आणि कापायला लागायचं. मसाल्यात मुरवलेलं पास्ट्रामी असो, खारवलेली जीभ असो, नाहीतर शिजून मऊ झालेली छाती असो, रेषा बघायच्या, त्यांना आडवी सुरी धरायची, बाकी हात आपोआप चालतो. कोणती सुरी, असा प्रश्न माझ्या हातानं आयुष्यात कधी विचारलाच नाही. घरी तो प्रश्न मिंडल विचारायची. मी संध्याकाळी दुकानातच जेवून यायचो आणि घरी फार तर चहा प्यायचो, बिस्किट मोडायचो. ती गेल्यावरही मी सकाळचं लोणी-पाव, रविवारचे उकडलेले बटाटे आणि दही, एवढ्यावरच भागवत होतो. खरं सांगायचं तर लाल कप्पा मी उघडलाच नव्हता. दुधाच्या सुऱ्यांचा कप्पा खिडकीपाशी, मांसाच्या सुऱ्यांचा शेगडीच्या डाव्या हाताला. त्या लाल कप्प्याला शेवटचा हात तिनं लावला होता आणि तो तसाच राहावा असं मला वाटायचं. का ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

आणि काल, गुरुवारी, कालमननं दुकानाचं शटर कायमचं ओढलं. गिऱ्हाइकं कुठं राहिली होती? निम्मी फ्लोरिडाला गेली होती, निम्मी कब्रस्तानात, आणि ज्यांना दोन्हीकडे जायचं नव्हतं त्यांचे दात गेले होते. ब्राँक्समधली आमची गल्ली आता ओळखू येत नाही. दोन इमारती जळून काळ्या पडल्यात, सिनेगॉगच्या पायऱ्यांवर पोरं पत्ते खेळतात. कालमननं तपकिरी कागदात पास्ट्रामीचा उरलेला तुकडा गुंडाळला आणि माझ्या छातीवर दाबला. "घे. माझ्या बायकोला आता याचा वाससुद्धा नकोय." मी म्हटलं, "तू काय खाणार तिकडं, फ्लोरिडात?" तो म्हणाला, "संत्री खाईन. झाडावरून पडलेली, फुकटची." आम्ही दोघंही हसलो. मग त्यानं शटरला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं, जसं तो रोज बघायचा.

मी सुरी ओट्यावर ठेवली. हात धुतले. पुन्हा धुतले. देवाशी माझं बोलणं तरुणपणीच बंद झालं, त्यामुळे भीती त्याची नव्हती. मांस खाऊन झाल्यावर दूध किती वेळानं प्यावं यावर माणसं वाद घालतात तेव्हा मला आजही हसू येतं. मागं एकदा कॉलेजातला एक तरुण दुकानात आला होता, आपलं खाणं मूळचं कुठलं याचा शोध घेत फिरत होता. हे पास्ट्रामी मूळचं कुणाचं, असं त्यानं कालमनला विचारलं. कालमन म्हणाला, "ज्यानं मागवलं त्याचं." तरुण हिरमुसला, पण तो गेल्यावर तो प्रश्न माझ्या डोक्यात कितीतरी दिवस घोळत राहिला. आमचे वडील रुमानियात बदकाची छाती मीठ, लसूण आणि मिरी चोळून माळ्यावर टांगायचे. ते रुमानियन लोकांकडून शिकले, रुमानियन म्हणे तुर्कांकडून. जहाजानं इकडे आल्यावर बदक परवडेना, गाईच्या पोटाखालचं चिवट मांस कुणी घेत नव्हतं, म्हणून तेच मसाल्यात मुरवलं, धुरावलं आणि वाफेवर मऊ केलं. मिठातल्या काकड्या स्लाव्ह शेजाऱ्यांच्या, मक्याच्या कण्यांची लापशी पुन्हा रुमानियनांची, वांगंही तुर्कांचंच. जिथं जिथं आम्हाला राहू दिलं तिथल्या चुलीवरचं आम्ही उचललं. मग आमचं स्वतःचं काय? विचार करून करून मी एका ठिकाणी येऊन थांबलो. आमचं स्वतःचं म्हणजे फक्त 'नाही'. यात ते घालायचं नाही. या भांड्यात ते शिजवायचं नाही. शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशीच बीन्स आणि मांस मंद आचेवर चढवून ठेवायचं. ते 'नाही' काढून टाकलं, तर उरलेलं सगळं ज्याचं त्याला परत करावं लागेल. हे मी मिंडलला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढा मोठा शोध लावलास, आता ती चहाची बशी कुठं ठेवायची ते विसरू नकोस."

भीती ब्रायनाची होती. ब्रायना माझी मोठी बहीण. आमच्या घरातली आता तीच एक उरली आहे. आईचा आवाज कसा होता, लहानपणी इकडे येताना जहाजावर मी कसा तीन दिवस रडत होतो, हे तिलाच आठवतं, आणि सगळ्या जहाजाला त्रास दिलास म्हणून ते ती मला कधी विसरू देत नाही. आम्हा दोघांशिवाय ती गेलेली माणसं आता कुणाच्या डोक्यात नाहीत. ब्रायना धर्माला कडक. आपल्या नवऱ्याच्या भावाच्या घरी ती कधी पाणीसुद्धा प्यायली नाही. सगळ्या गोतावळ्यात तिचा विश्वास फक्त एका स्वयंपाकघरावर, मिंडलच्या. दर रविवारी दुपारी ती येते. मिंडल गेल्यावर पहिल्या रविवारी मी दार उघडलं तर ती उंबऱ्यावर उभी होती, तपकिरी कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि आत न येता तिनं विचारलं, "तसंच आहे?" मला कळलं ती कशाबद्दल विचारते आहे. मी म्हटलं, "तसंच." तेव्हा कुठं तिनं बटणं सोडली, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ओट्याशी जाऊन बटाटे सोलायला घेतले. तेव्हापासून दर रविवारी हेच. "तसंच आहे?" "तसंच." आणि कोट उतरतो. उन्हाळ्यात कोट नसतो, तेव्हा 'तसंच' ऐकेपर्यंत ती हातातली पिशवी खाली ठेवत नाही.

आता मी खरं सांगितलं तर काय होणार हे मला माहीत होतं. तिला त्या एका सुरीचं काही वाटणार नाही. ती म्हणेल, या सुरीचं तुझ्या लक्षात तरी आलं, जे लक्षात आलं नाही त्याचं काय? कोशर भांड्यांवर लिहिलेलं नसतं. ते सांभाळणाऱ्या माणसावर ठेवलेला विश्वास असतो तो. गेला की गेला. ती आरडाओरडा करणार नाही, तसा तिचा स्वभाव नाही. ती कोट घालूनच खुर्चीच्या कडेवर थोडा वेळ बसेल, तब्येतीची चौकशी करेल आणि जाईल. पुढच्या रविवारी फोन करेल. त्यापुढच्या रविवारी पाय दुखत असतील. आणि मग आठवड्याच्या कुठल्याच दिवशी या घरात कुणी मला झेलिग म्हणून हाक मारणार नाही. दुकानात निदान कुणी "झेलिग, चरबी कमी घाल रे" असं ओरडायचं. कालपासून तेही गेलं. आणि खोटं सांगितलं तर? तर ती बसेल, हसेल, जेवेल, आणि मी समोर बसून बघेन, की जिनं जन्मभर हे एक जपलं तिला मी माझ्या हातानं ते मोडायला लावतोय, आणि तिला माहीतही नाही. जिच्या मेजाशी मी बसलेलो असेन त्या मिंडलला तर काय वाटेल हा विचारही मला करवेना. 

लहानपणचं एक आठवलं. आईची सुरी अशीच बाटली होती. तिनं ती अंगणात नेऊन जमिनीत खुपसली, काढली, सरकून दुसऱ्या जागी खुपसली, आणि मी शेजारी बसून मोजत होतो. माती शुद्ध करते म्हणाली. किती वेळा, ते मला दहा आठवत होतं. पण पाचव्या मजल्यावर अंगण कुठलं? मिंडलच्या खिडकीतल्या कुंड्या मी उन्हाळ्यातच वाळवून टाकल्या होत्या. मी सुरी टॉवेलात गुंडाळली आणि समोरच्या कारास्किल्योबाईंचं दार वाजवलं. त्या पोर्तो रिकोच्या. खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर त्यांनी डबे, बादल्या, जे मिळेल त्यात कसलीकसली पानं लावली आहेत.

"एक कुंडी द्याल का उसनी?" मी म्हटलं.

"कसली? ओरेगानो आहे, पुदिना आहे. पोट बिघडलंय का?"

"झाड नको. मातीच हवी होती."

त्यांनी टॉवेलाकडे बघितलं. "मेलं काय? पक्षी?"

"सुरी," मी म्हटलं, आणि टॉवेल उलगडून सगळं सांगितलं. ज्या बाईला माझं पूर्ण नावही माहीत नाही तिला मी सगळं का सांगितलं कोण जाणे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसल्या नाहीत.

"म्हणजे पुरायची, आणि मग पुन्हा वर काढून तिनंच लोणी लावायचं?"

"हो."

"बरा आहे की तुमचा देव. आमच्याकडे पुरलेलं परत देत नाहीत." आणि त्यांनी ओरेगानोची बादली माझ्या हातात दिली. "मुळं तोडू नका तेवढी."

मी बादली घरी आणून खिडकीत ठेवली आणि सुरी खुपसली. माती भुसभुशीत होती, नुकतंच पाणी घातलेलं. सुरी लोण्यात जावी तशी गेली आणि तशीच वर आली. दहा वेळा केलं. काही वाटलं नाही. मुळं चुकवत चुकवत एक म्हातारा बादलीत सुरी भोसकतोय, एवढंच. शेवटी ती मी तशीच मातीत उभी ठेवली आणि शनिवारचा सगळा दिवस येता-जाता ती निळी मूठ बघत राहिलो. तिसरी चकती मी खाल्ली नाही. पहिल्या दोनही नाही. सगळं पुन्हा कागदात गुंडाळून फ्रिजच्या तळाला ठेवून दिलं. दुपारी आरशासमोर उभा राहून "तसंच" म्हणून बघितलं. चांगलं जमत होतं. काउंटरमागच्या माणसाला हवा तसा चेहरा ठेवता येतो. मांस सुकं निघालं तरी गिऱ्हाइकाला वाढताना तो असा चेहरा ठेवतो की गिऱ्हाईकच स्वतःच्या जिभेवर शंका घेतं. मी ठरवलं. म्हणायचं. एक शब्द तर आहे.

रविवारी ब्रायना आली. जिन्यात तिचा श्वास मला दोन मजले आधीपासून ऐकू येत होता. मी दार उघडून उभा राहिलो. ती वर आली, कठड्याला धरून दम घेतला, कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तसंच आहे?"

"नाही," मी म्हटलं.

माझ्याच तोंडून निघालं ते. मी ते म्हणणार नव्हतो.

"काय नाही?"

"काहीच तसं नाही, ब्रायना. ती गेली त्या दिवसापासून काही म्हणजे काही तसं नाही. तू दर रविवारी विचारतेस आणि मी दर रविवारी तसंच म्हणतो. कुठं तसंच आहे? दुकान बंद झालं. सकाळी उठून कुठं जायचं ते मला कळत नाही. तिच्या कुंड्या वाळवल्या मी."  उंबऱ्यावर उभा राहून, या वयात, मी रडत होतो, आणि कारास्किल्योबाईंचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

 माझं रडून होईपर्यंत ब्रायनानं मला हात लावला नाही. मग म्हणाली, "आणि भांडी?"

"भांडी ठीक आहेत. एक सुरी बाटली. शुक्रवारी. निळी. पास्ट्रामी कापलं तिनं."

"मांस गरम होतं?"

"गार."

"कांदा वगैरे कापला होतास तिनं?"

"नाही."

"मग निभावलं, गरम नि तिखट तेवढं पात्यात मुरतं. आता कुठं आहे?"

"मातीत. बादलीत, समोरच्या बाईंच्या."

"बादलीत!" ती आत आली आणि खिडकीपाशी जाऊन वाकून बघायला लागली. "ओल्या मातीत काय होणार गाढवा? घट्ट जमीन लागते, घासली पाहिजे ती. चाळीस वर्षं मिंडलबरोबर राहून एवढंही शिकला नाहीस?"

"तिनं कधी चूक केली असती तर शिकलो असतो ना."

ब्रायनानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ती निघाली. पण ती हसायला लागली. कोट घातलेली, घामेजलेली, खिडकीला टेकून ती हसत होती. "चूक केली नाही? मिंडलनं? अरे, बावळट होती ती पक्की! गप्पा मारत मारत काय उचलेल नेम नाही. तू कामावर गेलास की मला फोन. 'ब्रायना, ये गं, पुन्हा झालं.' मी यायची आणि आम्ही दोघी खाली जायचो, तुझ्या याच इमारतीच्या मागं. नंतर नंतर तर मी फोन उचलला की विचारायची, निळी की लाल?"

"मला कधी बोलली नाही."

"कशी बोलेल? तू दुकानात सगळ्यांना सांगत सुटलास, माझ्या बायकोचं स्वयंपाकघर म्हणजे असं नि तसं. बिचारी घाबरायची. चल, ती सुरी धू आणि कोट घाल. खाली गार आहे."

इमारतीच्या मागं, कचऱ्याची पिंपं आणि भिंत यांच्यामध्ये, उघड्या जमिनीची एक पट्टी आहे. इतकी वर्षं मी तिथून जात होतो. ब्रायनानं बोटानं दाखवलं, "इथं. ती या पायरीवर बसायची, खाली रुमाल टाकून. गुडघे मळतील म्हणून." मी पायरीवर बसलो, वाकलो आणि सुरी खुपसली. जमीन टणक होती. पातं जेमतेम आत गेलं आणि दगडाला घासून करकरलं. "सरक, दुसरी जागा," ब्रायना वरून म्हणत होती, "मोजतोयस ना?" मी मोजत होतो. वरून कारास्किल्योबाई लोखंडी जिन्यावर ओणवून ओरडल्या, "झालं का पुरून?" ब्रायनानं त्यांना हात हलवला, ओळख नसताना. मी जमिनीकडे बघत होतो, कुठं जुन्या खुणा दिसतात का म्हणून. नव्हत्या. पाऊस आणि बर्फ पडून गेलं होतं त्यावरून. मला त्या मिंडलची इतकी आठवण आली, जिला मी कधी भेटलोच नव्हतो, जी रुमाल टाकून इथं बसायची आणि घाईघाईनं मोजायची, मी घरी यायच्या आत वर पोचायला. मी तिला सांगितलं असतं की काही बिघडत नाही. मला काय, मी हसलो असतो. पण ते मी तिला चाळीस वर्षांत कळू दिलं नव्हतं.

वर आल्यावर ब्रायनानं काही विचारलं नाही. तिनं बटणं सोडली, कोट खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या. "बटाटे राहू देत आज. ते पास्ट्रामी आहे ना अजून? कापलेल्या बाजूनं एक पातळ चकती काढून टाक, बाकीचं चांगलं आहे. मोहरीची चटणी आहे का?"

"आहे."

"मग उभा काय राहिलास? सुरी काढ. लाल."

मी शेगडीच्या डाव्या हाताचा कप्पा ओढला. तो थोडा अडकला, मग उघडला. आत सुऱ्या तिनं ठेवल्या तशा होत्या, सगळ्या मुठी एकाच बाजूला. मी वरची उचलली. पातं लख्ख होतं. पण पातं मुठीत जिथं शिरतं तिथल्या फटीत थोडी माती वाळून बसली होती. मी ती सुरी तिच्या जागी परत ठेवली आणि मांस कापायला तिच्या शेजारची घेतली.